रेकॉर्डचं नाव कोणी ठेवलं?

१९५९ च्या मे महिन्यात ऑर्नेट कोलमन नावाचा एकोणतीस वर्षांचा सॅक्सोफोनवादक तीन साथीदारांना घेऊन हॉलिवूडमधल्या एका स्टुडिओत गेला. त्याच्या हातातला सॅक्सोफोन प्लास्टिकचा होता आणि चौघांत पियानोवाला कुणीच नव्हता. पियानो नसला की मागे स्वरसंघाची चौकट धरून ठेवणारं कुणी राहत नाही, त्यामुळे सुरावट वाटेल तिथे वळू शकते. त्या दिवशीच्या ध्वनिमुद्रणातून अटलांटिक कंपनीनं जी रेकॉर्ड काढली तिचं नाव 'द शेप ऑफ जॅझ टु कम', म्हणजे येणाऱ्या जॅझचं रूप.

केवढा आत्मविश्वास! जॅझच्या इतिहासावरचं कुठलंही पुस्तक उघडा, हे नाव कोलमनच्या क्रांतिकारक बाण्याचा पुरावा म्हणून येतं. मी जे करतोय तेच उद्याचं संगीत आहे असं तो जाहीर करतोय, असा त्याचा अर्थ लावला जातो. आणि त्या काळात त्याच्यावर जे चिडले होते, त्यांच्या चिडण्यात या नावाचाही वाटा होताच.

गंमत अशी की हे नाव कोलमनचं नाही. त्याला रेकॉर्डचं नाव 'फोकस ऑन सॅनिटी' ठेवायचं होतं, त्यातल्याच एका रचनेवरून. सॅनिटी म्हणजे शहाणपण, डोकं ताळ्यावर असणं. निर्माता नेसुही एर्तेगुननं त्याला नवं नाव घ्यायला लावलं, कारण ही तबकडी इतरांपेक्षा वेगळी आहे हे गिऱ्हाइकाला नावावरूनच कळावं असं त्याला वाटत होतं. एच. जी. वेल्सची 'द शेप ऑफ थिंग्ज टु कम' ही १९३३ ची कादंबरी इंग्रजी वाचकाला माहीत होती, त्यामुळे शब्द कानाला ओळखीचेही वाटले. म्हणजे आपण ज्याला कलावंताचा जाहीरनामा म्हणतो ते दुकानदारीचं वाक्य होतं. आणि कलावंताला स्वतःला जे म्हणायचं होतं ते जवळजवळ उलट होतं. लोक ज्याला वेडेपणा म्हणत होते त्याला तो शहाणपण म्हणत होता.

हे उदाहरण मी सुरुवातीलाच घेतलं याचं कारण सांगतो. संशोधनाचा विषय ठरवताना आपल्यापैकी बरेच जण शीर्षकांकडे वळतात. कवितासंग्रहांची शीर्षकं, नाटकांची, चित्रपटांची, रेकॉर्डची. सामग्री हाताशी असते, यादी करता येते, आणि शीर्षकावरून काळाची मानसिकता वाचता येईल असं वाटतं. वाचता येते सुद्धा. पण त्याआधी प्रत्येक नावाला तीन प्रश्न विचारावे लागतात. हे कोणी ठेवलं, कधी ठेवलं आणि नंतर ते बदललं का? जॅझच्या रेकॉर्डवर हे तिन्ही प्रश्न फार स्पष्ट दिसतात, म्हणून तिथेच थांबू.

आधी थोडी पार्श्वभूमी. रेकॉर्डला नाव असणं ही तशी अलीकडची गोष्ट. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावायची, आणि नाव असायचं ते त्या गाण्याचं. 'अल्बम' हा शब्द अक्षरशः फोटोंच्या अल्बमसारखा होता, म्हणजे तबकड्या ठेवायला कागदी पाकिटं बांधलेली वही. १९४८ च्या जूनमध्ये कोलंबिया कंपनीनं सव्वातेहतीस नव्हे, तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्यांची लाँग प्ले तबकडी बाजारात आणली आणि एका बाजूला वीसेक मिनिटं बसायला लागली. आता पाच-सहा रचना एकत्र विकायच्या, तर त्यांना मिळून एक नाव हवं, एक चित्र हवं, मागच्या बाजूला मजकूर हवा. हे काम वादकाचं नव्हतं. ते कंपनीच्या कचेरीत व्हायचं. वादक स्टुडिओत वाजवून पैसे घेऊन घरी जायचा.

म्हणूनच 'बर्थ ऑफ द कूल' हे नाव फसवं आहे. माइल्स डेव्हिसच्या नऊ जणांच्या वाद्यमेळानं जानेवारी १९४९, एप्रिल १९४९ आणि मार्च १९५० अशा तीन बैठकांत बारा रचना कॅपिटॉल कंपनीसाठी वाजवल्या. त्याआधी सप्टेंबर १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉयल रूस्ट क्लबात दोनेक आठवडे त्यांनी हे संगीत लोकांपुढे मांडलं होतं. फ्रेंच हॉर्न आणि ट्यूबा घेतलेला जॅझचा असा मेळ तेव्हा नवा होता, पण खप म्हणावा तसा झाला नाही आणि मंडळी पांगली. १९५४ मध्ये यातल्या आठ रचना एका छोट्या तबकडीवर निघाल्या तेव्हाही कुणाला 'जन्म' आठवला नाही. 'बर्थ ऑफ द कूल' हे नाव आलं ते १९५७ साली, बारा इंची तबकडीवर. आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसं होतं, इथे ते आठ वर्षांनी झालं. तोपर्यंत या मेळातला जेरी मलिगन कॅलिफोर्नियात जाऊन नावारूपाला आला होता, 'कूल' म्हणून ओळखली जाणारी शांत, थंड डोक्याची शैली खपत होती, आणि कॅपिटॉलच्या कपाटात त्या शैलीचं मूळ म्हणून दाखवता येईल असा माल पडून होता.

नावाचा परिणाम तबकडीच्या पोटातही दिसतो. बारा रचनांपैकी अकराच घेतल्या गेल्या. गाळलेली बारावी रचना म्हणजे केनी हॅगुडनं गायलेलं 'डार्न दॅट ड्रीम', मेळातली एकमेव गायलेली चीज. ती १९७० च्या दशकात परत आली. १९४८ सालच्या क्लबात बसलेल्या श्रोत्याला हा मेळ आणि त्याचा गायक असा एकत्र दिसला असणार. १९५७ च्या गिऱ्हाइकाला मात्र निव्वळ वाद्यसंगीताची एक चळवळ जन्माला येताना दिसली. इतिहासात 'पुढे काय झालं' हे माहीत असल्यामुळे मागच्या गोष्टी त्याच दिशेनं चालल्या होत्या असं वाटणं हा जुना रोग आहे. इथे तो रोग थेट कव्हरवर छापलेला आहे.

याच डेव्हिसची दुसरी एक चौकडी बघा. 'कुकिन', 'रिलॅक्सिन', 'वर्किन', 'स्टीमिन'. चारही नावांत शेवटचा 'ग' गाळून तिथे वर टिंब दिलेलं. बोलताना गळतो तसाच. आपण लिहिताना 'केले'चं 'केलं' करतो तेव्हा बोलीचा सूर कागदावर आणतो, तसाच हा प्रकार. क्लबातल्या वादकांच्या तोंडची भाषा कव्हरवर आली, ही त्यातली ऐट. पण या चार रेकॉर्डमागचा हिशोब वेगळा आहे. डेव्हिस मोठ्या कोलंबिया कंपनीकडे निघाला होता आणि जुन्या प्रेस्टीज कंपनीला त्याच्याकडून अजून काही रेकॉर्ड येणं होत्या. मग ११ मे आणि २६ ऑक्टोबर १९५६ या दोन दिवसांत त्यानं आणि त्याच्या चौघा साथीदारांनी (त्यातला एक जॉन कोल्ट्रेन) धडाधड वाजवून देणं फेडलं. प्रेस्टीजनं तो साठा एकदम बाजारात ओतला नाही. कोलंबिया डेव्हिसची जाहिरात करतच होती, तिचा फायदा घेत १९५७ ते १९६१ अशी चार वर्षं एकेक तबकडी सोडली.

आता कल्पना करा, तुम्ही प्रकाशनवर्षानुसार तक्ता केला. १९५९ मध्ये 'काइंड ऑफ ब्लू' येते, आणि त्यानंतर १९६१ मध्ये 'स्टीमिन'. तक्त्यावरून निष्कर्ष निघेल की डेव्हिस नव्या वाटेवर जाऊन पुन्हा जुन्या लोकप्रिय गाण्यांकडे वळला. प्रत्यक्षात तो कुठेही वळला नव्हता, कंपनीनं पाच वर्षांपूर्वीचा डबा उघडला होता एवढंच. त्यामुळे जॅझवर काम करणारे ध्वनिमुद्रणाची तारीख आणि प्रकाशनाची तारीख असे दोन रकाने करतातच. मी त्यात तिसरा रकाना सुचवेन, नाव पडल्याच्या तारखेचा. तो बहुतेक वेळा दुसऱ्याशी जुळतो, पण जिथे जुळत नाही तिथेच काहीतरी सापडतं.

चार्ल्स मिंगसच्या बाबतीत मात्र नावावर वादकाची पक्की मोहोर दिसते. 'मिंगस आह अम' (१९५९) हे नाव ऐकून इंग्रजी शाळेत शिकलेला माणूस हसतो, कारण लॅटिनच्या तासाला विशेषणं 'अस, आ, अम' अशी पुल्लिंगी, स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी रूपांत घोकून घेत. आपल्याकडच्या 'देवः देवौ देवाः'सारखंच. मिंगसचं आडनाव नेमकं 'अस'नं संपतं, मग बाकीची रूपं चालवायला काय हरकत आहे? पुढची रेकॉर्ड 'मिंगस डायनॅस्टी', त्यात चीनच्या मिंग घराण्यावर कोटी, आणि कव्हरवर हा धिप्पाड माणूस चिनी पोशाखात. १९६४ साली तर 'मिंगस मिंगस मिंगस मिंगस मिंगस', पाच वेळा, बाकी काही नाही. हा निव्वळ विनोद आहे असं मला वाटत नाही. नावं कंपन्या ठेवत होत्या त्या काळात हा माणूस दर वेळी आपलंच नाव पाटीवर लिहितोय.

'मिंगस आह अम'मध्येच 'फेबल्स ऑफ फॉबस' ही रचना आहे. ओर्व्हल फॉबस हा आर्कान्सॉ राज्याचा गव्हर्नर. सप्टेंबर १९५७ मध्ये लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कुलात नऊ कृष्णवर्णीय मुलांना शिरू न देण्यासाठी त्यानं नॅशनल गार्डचे जवान उभे केले, आणि शेवटी अध्यक्ष आयझेनहॉवरना केंद्राचं सैन्य पाठवावं लागलं. कोलंबियाच्या रेकॉर्डवर ही रचना केवळ वाद्यांची आहे. १९६० मध्ये कँडिड या छोट्या कंपनीसाठी मिंगसनं ती पुन्हा वाजवली, या वेळी फॉबसची खिल्ली उडवणाऱ्या शब्दांसह, आणि नाव दिलं 'ओरिजिनल फॉबस फेबल्स', म्हणजे अस्सल, मूळच्या. हा 'मूळच्या' शब्द फार बोलका आहे. नेहमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की कोलंबियानं शब्द घेऊ दिले नाहीत. दुसरी बाजू अशी मांडली जाते की रचना आधी वाद्यांचीच होती, शब्द नंतर आले. नाव पहिल्या बाजूनं साक्ष देतं. पण ती साक्ष पक्षकारानं स्वतः दिलेली आहे, हे लक्षात ठेवून तिचं वजन करायचं.

एवढं झालं की सोनी रॉलिन्सकडे यायला हवं, कारण या सगळ्यात नावाची सर्वांत जास्त किंमत मोजावी लागली ती इथे.

१९५८ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये रॉलिन्सनं रिव्हरसाइड कंपनीसाठी एक रेकॉर्ड केली. तिघंच जण. तो सॅक्सोफोनवर, ऑस्कर पेटिफर्ड बासवर, मॅक्स रोच ड्रम्सवर. पहिली पूर्ण बाजू म्हणजे एकच, सुमारे एकोणीस मिनिटांची रचना, तिचं नाव 'द फ्रीडम सूट'. दुसऱ्या बाजूला चार परिचित गाणी, बहुतेक नाटका-सिनेमातली. रेकॉर्डला नाव मिळालं 'फ्रीडम सूट', आणि मागच्या कव्हरवर रॉलिन्सचं छोटंसं निवेदन छापलं गेलं. अमेरिकेची भाषा, विनोद, संगीत यांची मुळं ज्या कृष्णवर्णीयांच्या संस्कृतीत आहेत, त्यांनाच तिथे छळ सोसावा लागतो ही केवढी विसंगती, असा त्याचा आशय. समीक्षक आपल्याला डोक्यावर घेत असताना केवळ वर्णामुळे न्यूयॉर्कमध्ये राहायला जागा मिळत नव्हती, त्या अनुभवातून हे आलं, असं त्यानं पुढे मुलाखतींत सांगितलं.

रचनेत शब्द नाहीत. एकही नाही. सॅक्सोफोन, बास आणि ड्रम्स. ही एकोणीस मिनिटं कुणाला डोळे मिटून ऐकवली तर ती समान हक्कांबद्दल आहेत हे कळायला मार्ग नाही. म्हणजे राजकारण होतं ते नावात आणि त्या चार ओळींच्या निवेदनात. सूट हा शब्दही बघण्यासारखा आहे. युरोपीय अभिजात संगीतातला तो अनेक भागांच्या रचनेसाठीचा शब्द, ड्यूक एलिंग्टननं जॅझमध्ये रुजवलेला. म्हणजे नावातला एक शब्द हक्काची मागणी करतो आणि दुसरा संगीताची प्रतिष्ठा सांगतो.

काही काळानं ती रेकॉर्ड बाजारातून गेली आणि रिव्हरसाइडच्याच जॅझलँड या भावंड-कंपनीच्या शिक्क्यानं परत आली. तेच संगीत, तेच तीन वादक. नाव 'शॅडो वॉल्ट्झ'. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं, १९३३ च्या 'गोल्ड डिगर्स ऑफ १९३३' या सिनेमातलं. सावल्यांचं नृत्य! स्वातंत्र्य काढलं आणि त्या जागी सावली ठेवली. कुणा कवीला सुचलं नसतं, ते कंपनीच्या यादीनं केलं.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. रेकॉर्डवर बंदी आली नाही, एक स्वरही कापला गेला नाही. म्हणून 'सेन्सॉरशिप' हा शब्द पटकन वापरला की अडचण होते, कारण विरोधक लगेच म्हणेल, संगीत तर तसंच आहे. पण वर म्हटल्याप्रमाणे या संगीताचा अर्थ नावात होता. नाव गेलं की गिऱ्हाइकाच्या हातात एक छान, मुलायम सॅक्सोफोनची रेकॉर्ड उरते. मला ही घटना संपूर्ण बंदीपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. बंदीची नोंद राहते, तिच्यावर लेख लिहिले जातात. नाव बदलण्याची नोंद फक्त कॅटलॉगच्या क्रमांकांत राहते, आणि ती शोधायला कुणीतरी दोन्ही तबकड्या शेजारी ठेवाव्या लागतात. पुढच्या आवृत्त्यांवर मूळ नाव परत आलं. त्यामुळे आज मोबाइलवर शोधाल तर 'फ्रीडम सूट'च दिसेल आणि मधला सगळा प्रकार घडलाच नाही असं वाटेल. डिजिटल यादीवर विसंबून शीर्षकांचा अभ्यास करणाऱ्यांनी हे एक उदाहरण भिंतीवर चिकटवून ठेवावं.

मॅक्स रोचकडे बघा. 'फ्रीडम सूट'वर ड्रम्स त्याचे होते. अडीच वर्षांनी, १९६० च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, त्यानं स्वतःच्या नावावर रेकॉर्ड केली, 'वी इन्सिस्ट! मॅक्स रोचेस फ्रीडम नाउ सूट'. आमचा आग्रह आहे! त्याच वर्षी १ फेब्रुवारीला ग्रीन्सबरो इथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहाच्या काउंटरवर जाऊन बसले होते, आणि ती चळवळ गावोगाव पसरली होती. रेकॉर्डच्या कव्हरवर तसंच काउंटर आहे. तीन कृष्णवर्णीय पुरुष कॅमेऱ्याकडे वळून बघताहेत, मागे गोरा वाढपी उभा. आत ॲबी लिंकनचा आवाज, ऑस्कर ब्राउन ज्युनियरचे शब्द, आणि शार्पव्हिलच्या मार्च १९६० च्या गोळीबारानंतर लगेचच जोहान्सबर्गसाठी वाहिलेले अश्रू.

'फ्रीडम'च्या जागी 'फ्रीडम नाउ'. मध्ये फक्त 'आत्ता' आला. या एका शब्दावर प्रबंधाचं अख्खं प्रकरण लिहिता येईल, आणि मोह होतो की १९५८ ते १९६० या काळात चळवळ कशी तापली याचं सरळ मोजमाप म्हणून तो वापरावा. तापली होतीच. पण मध्ये कंपनीही बदलली होती. कँडिडचं काम नॅट हेंटॉफ हा लेखक-समीक्षक बघत होता, आणि मिंगसच्या शब्दांसह 'फॉबस' त्यानंच त्याच वर्षी काढला होता. म्हणजे रस्त्यावर काय चाललंय हे एक कारण, आणि खुर्चीत कोण बसलंय हे दुसरं. दोन्हीपैकी किती कोणामुळे, हे सांगायला याच दोन वर्षांतल्या इतर कंपन्यांची कव्हरं काढून बघावी लागतात. 'नागरी हक्कांचा जॅझवर परिणाम' असा विषय घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्यानं निदान इथपासून सुरुवात करावी.

परत कोलमनकडे येतो, थोडक्यात. २१ डिसेंबर १९६० ला त्यानं दोन चौकड्या एकाच वेळी वाजवायला बसवल्या. स्टिरिओत एक डाव्या कानात, एक उजव्या. सदतीस मिनिटांची ती रचना १९६१ मध्ये 'फ्री जॅझ' या नावानं आली, कव्हरमध्ये खिडकी कापून आत जॅक्सन पोलॉकचं चित्र. आपल्याकडे 'फ्री' म्हटलं की आधी फुकट आठवतं, नंतर मुक्त. इथे मुक्त. आणि हे एका रेकॉर्डचं नाव बघता बघता पूर्ण शैलीचं नाव झालं, सिसिल टेलरपासून युरोपातल्या वादकांपर्यंत सगळे त्यात कोंबले गेले. कोलमननं स्वतः पुढे आपल्या पद्धतीला 'हार्मोलॉडिक्स' असा वेगळाच शब्द घडवला. पण इतिहासाच्या पुस्तकात प्रकरणाचं नाव 'फ्री जॅझ' हेच राहिलं. आपल्या विषयातल्या 'नवकथा', 'मुक्तछंद' अशा संज्ञा आधी कुठल्या मुखपृष्ठावर किंवा कुठल्या अंकात छापल्या गेल्या हे शोधून बघा. शैली आधी होती की शब्द, या प्रश्नाचं उत्तर बरेचदा तिथे मिळतं.

शेवटी एक नाव, जे कोणी बदललं नाही आणि तरी बदललं. २५ फेब्रुवारी १९६४ ला एरिक डॉल्फीनं ब्लू नोट कंपनीसाठी 'आउट टु लंच!' ध्वनिमुद्रित केली. दुकानदार जेवायला गेलाय, हा एक अर्थ. दुसरा अमेरिकन बोलीतला, डोकं ठिकाणावर नसणं. आणि 'आउट' म्हणजे त्या वेळच्या वादकांच्या भाषेत नेहमीच्या चौकटीबाहेरचं वाजवणं. तिन्ही अर्थ एकत्र बसतात, हसून बसतात. कव्हरवर रीड माइल्सनं दुकानाच्या दाराला लावतात तशी पाटी घेतली, 'परत येतो' असं सांगणारी. खाली कितीला येणार हे दाखवणारं घड्याळ. फक्त काटे दोन नाहीत, सात आहेत, आणि सगळे वेगवेगळ्या वेळा दाखवतात. पुण्याच्या 'एक ते चार बंद'ला निदान चार तरी ठाऊक असतात.

डॉल्फी त्याच वर्षी युरोपात गेला आणि २९ जूनला बर्लिनमध्ये वारला. छत्तीस वर्षांचा होता. रेकॉर्ड त्यानंतर दुकानात आली, त्याच पाटीसह.